रेषेबाहेरचा खेळाडू

कबड्डीच्या मैदानाला दोन्ही अंगांनी एकेक मीटर रुंदीचा पट्टा असतो. नियमांच्या पुस्तकात त्याला 'राखीव क्षेत्र' म्हणतात, पण पुस्तकाबाहेर सगळे त्याला लॉबीच म्हणतात. बघणाऱ्यांचं त्याच्याकडे फारसं लक्ष नसतं. लक्ष असतं ते मध्यरेषेकडे, चढाई करणाऱ्याच्या पायाकडे, फार तर बोनस रेषेकडे. पण मला विचाराल तर या खेळातली सगळ्यात जास्त भांडणं याच एका मीटरने लावलेली आहेत. शाळेच्या मैदानापासून थेट आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत.

आधी नियम सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. या १० मीटरमध्ये दोन्हीकडच्या लॉब्या धरलेल्या आहेत. म्हणजे चढाई सुरू होते तेव्हा खेळायला खरी रुंदी मिळते ८ मीटरच. मुलींचं आणि महिलांचं मैदान १२ बाय ८, त्यातून लॉब्या वजा केल्या की ६ मीटर. चढाई करणाऱ्याने कोणाला हात लावला, किंवा कोणी त्याला धरलं, की 'झटापट' सुरू झाली असं मानतात, आणि त्या क्षणी लॉबी मैदानात सामील होते. त्याच्या आधी लॉबी म्हणजे बाहेर, त्याच्यानंतर लॉबी म्हणजे आत. झटापटीत जे होते त्यांना आपल्या अंगणात परतायलाही लॉबी वापरता येते.

गंमत बघा. जमीन तीच, चुन्याची रेषाही तीच, पण एका स्पर्शाने तिचा अर्थ बदलतो. पंचाला पाय बघायचा की हात? दोन्ही. आणि नुसतं दोन्ही बघून भागत नाही, त्यांचा क्रम बघायचा. आधी स्पर्श आणि मग लॉबीत पाय, तर खेळ चालू. आधी लॉबीत पाय आणि मग स्पर्श, तर गडी बाद. दोन्हींत अंतर असतं डोळ्याची पापणी लवण्याइतकं.

मी एकोडीचा. साकोली तालुक्यातलं, भंडारा जिल्ह्यातलं गाव. धानाचा मुलूख. इथे 'रेषा' म्हणजे काय ते कोणाला शिकवावं लागत नाही, कारण प्रत्येक बांधीला धुरा असतो आणि धुऱ्यावरून भांडण झालं नाही असं घर शोधूनही सापडणार नाही. पावसाळ्यात धुरा खचतो, कोणीतरी तो नीट करताना वीतभर इकडे सरकवतो, आणि मग मोजणीवाले येईपर्यंत दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. धान निघालं की दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, झाडीपट्टीची नाटकं लागतात, आणि त्याच हंगामात गावोगाव कबड्डीचे सामने भरतात. फक्कीने मैदान आखतात. त्या फक्कीच्या रेषेवरून होणारी भांडणं ऐकली की मला नेहमी धुराच आठवतो. फरक एवढाच की धुऱ्याचा निकाल लागायला वर्षं जातात आणि पंचाने तो एका श्वासात द्यायचा असतो.

काही वर्षं मी शालेय स्पर्धांत शिट्टी वाजवली आहे, गुणलेखकाच्या टेबलावरही बसलो आहे. तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न घोळतोय: रेषेबाहेर गेलेल्या खेळाडूचं काय करायचं, हे ठरवलं कोणी आणि कधी?

आमच्या आज्यांच्या पिढीला हा खेळ 'हुतूतू' म्हणून माहीत होता. तेव्हा मैदान म्हणजे काठीने मातीत ओढलेली एक रेघ आणि दोन्हीकडे जेवढी जागा असेल तेवढी. गावागणिक नियम वेगळे. कुठे नऊ गडी, कुठे अकरा. बाहेर गेलेला गडी बाद की नाही, हेही त्या गावचा रिवाज ठरवणार. १९२० च्या आगेमागे महाराष्ट्रातल्या जाणत्या मंडळींनी या सगळ्याला एक चौकट द्यायला सुरुवात केली. १९२३ साली नियम छापून आले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांवर अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आमच्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यांत कबड्डीही होती. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला, १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आणि १९५५ साली कलकत्त्याला महिलांची.

छापलेला नियम म्हणजे काय, याचा विचार आपण फारसा करत नाही. गावात एकाच गावचे गडी एकमेकांशी खेळतात तोवर नियम लिहायची गरजच नसते, सगळ्यांना रिवाज ठाऊक असतो. साताऱ्याचा संघ बडोद्याला जातो तेव्हा 'आमच्याकडे असं नाही' हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं जातं. नियमांचं पुस्तक जन्माला येतं ते या एका वाक्यातून, असं माझं मत आहे. (हे वाक्य पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.)

बाद होण्याची किंमतही तेव्हा सगळीकडे सारखी नव्हती. कबड्डीचे जुने तीन प्रकार: संजीवनी, गामिनी आणि अमर. अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, समोरच्याला नुसता गुण मिळतो. गामिनीत एकदा बाहेर बसलेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत परत येत नाही. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. आज आपण जी कबड्डी बघतो ती संजीवनीची. आता विचार करा, अमरमध्ये चुकून रेषेबाहेर पाय पडला तर एका गुणाचा फटका. संजीवनीत तोच पाय दुहेरी महाग पडतो: तुमचा गडी गेला, गुण गेला, शिवाय समोरचा मेलेला गडी उठून बसला. म्हणून संजीवनीत रेषेचा पंच हा फार मोठा माणूस होतो.

आपल्याकडे मुख्य पंचाला 'सरपंच' म्हणतात हे मला फार आवडतं. एक सरपंच, दोन बाजूंना दोन पंच, एक गुणलेखक आणि अंतिम रेषांकडे बसणारे दोन सहायक गुणलेखक. म्हणजे अख्खी पंचायतच! यांच्यासाठी बाहेर गेलेल्या खेळाडूबद्दल पुस्तकात जे लिहिलंय ते वाचताना कायद्याचं पुस्तक वाचल्यासारखं वाटतं. रेषा मैदानाचाच भाग, त्यामुळे रेषेवर पाय म्हणजे आत. रेषेपलीकडच्या जमिनीला शरीराचा कुठलाही भाग लागला की बाद. पण झटापट चालू असेल आणि गड्याचा आतल्या भागाशी संबंध टिकून असेल, तर तो बाद नाही. चढाई चालू असताना बचाव करणाऱ्याचा पाय बाहेर गेला तर पंचाने त्याचा क्रमांक पुकारून त्याला बाद द्यायचं, पण शिट्टी वाजवायची नाही, कारण चढाई चालूच राहिली पाहिजे. आणि बाहेर गेलेल्या गड्यानेच चढाई करणाऱ्याला धरलं तर? तर ती पकड धरायची नाही. चढाई करणारा सुटला, बाद झाला तो फक्त बाहेर जाऊन आलेला.

हा शेवटचा नियम मला सगळ्यात न्यायाचा वाटतो. तू एकदा बाहेर गेलास ना? मग आता तू इथे नाहीस. तुझे हात इथे दिसत असले तरी ते हात मोजायचे नाहीत.

दुसऱ्या खेळांकडे पाहिलं की कळतं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडलेला आहे आणि प्रत्येकाने उत्तर वेगळं दिलंय. खो-खोमध्ये पळणाऱ्याचे दोन्ही पाय बाहेर गेले तर तो बाद, एक पाय आत असला तर वाचला. आमच्या विदर्भात आवडीने खेळल्या जाणाऱ्या आट्यापाट्यांत पाटीवरच्या गड्याचे पाय पाटीतच राहायला हवेत. फुटबॉलमध्ये अख्खा चेंडू रेषेपलीकडे गेला तरच बाहेर, म्हणजे रेषा आतल्याची. बास्केटबॉलमध्ये उलट, रेषेला पाय लागला की बाहेर. अमेरिकन फुटबॉलमध्येही रेषा बाहेरच्याचीच. तिथल्या हायस्कूलच्या नियमांत आणखी एक बारकावा आहे: आक्रमण करणाऱ्या संघाचा खेळाडू आपण होऊन रेषेबाहेर गेला तर परत येऊन त्या डावात भाग घेता येत नाही, घेतला तर दंड. पण प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने बाहेर गेला असेल, तर त्याने संधी मिळताच लगेच आत यावं, दोष नाही. म्हणजे पंचाने पाय बघायचा, शिवाय पाय बाहेर का गेला तेही बघायचं. गेला की घालवला? सातासमुद्रापलीकडच्या शाळेच्या मैदानावरचा पंचही शेवटी याच प्रश्नापाशी येऊन उभा राहतो.

कबड्डीचं उत्तर मात्र जास्त कठोर आहे. इथे धक्का देऊन चढाई करणाऱ्याला बाहेर घालवणं हा मान्य डाव आहे, 'डॅश' म्हणून लोक त्याला टाळ्या वाजवतात. 'मी गेलो नाही, मला ढकललं' ही तक्रार इथे चालत नाही. मैदानात उभं राहायचं तर पाय रोवून उभं राहायचं, एवढं साधं ते आहे.

क्रिकेटवाल्यांचंही सांगायला हवं, नाहीतर अर्धे वाचक रागावतील. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला. चेंडू आत उडवला, स्वतः बाहेर गेला, परत आत येऊन झेलला. त्या झेलावर कितीतरी दिवस लोक पडद्यावर बूट मोजत बसले होते. २०२५ साली तर सीमेबाहेरून उड्या मारत चेंडू खेळवण्यावरच नवी बंधनं आली. शंभर कॅमेरे असलेल्या खेळालाही रेषेबाहेरच्या पायाचं गणित अजून मांडावं लागतंय, तर आमच्या एका शिट्टीवाल्या पंचाचं काय घेऊन बसलात!

पण एका बाबतीत जुना पंच नव्यापेक्षा नशीबवान होता. त्याच्याकडे माती होती. मातीवर आखलेली फक्की साक्ष देते. पाय पडला की रेषा पुसते, तळव्याला पांढरं लागतं, बोटांचा ठसा उमटतो. मी स्वतः पाहिलंय, गडी 'नाही लागला, नाही लागला' म्हणून ओरडतोय आणि पंच शांतपणे त्याला पाय वर करायला सांगतोय. टाचेला फक्की. संपलं भांडण! आता मॅट आली, बूट आले. गुडघे फुटायचे थांबले, खेळ वेगवान झाला, याबद्दल तक्रार नाही. पण मॅटवर ठसा उमटत नाही. मातीने जी साक्ष फुकट दिली होती ती परत मिळवायला आता कॅमेरा लागतो, आणि कॅमेरा आहे फक्त मोठ्या स्पर्धेत. शाळेच्या स्पर्धेत मॅट असते, कॅमेरा नसतो. म्हणजे मातीची साक्ष गेली आणि यंत्राची आली नाही, असा हा मधला काळ आहे.

आता हांगझोऊकडे येतो. आशियाई स्पर्धा, तारीख ७ ऑक्टोबर २०२३, पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. या सामन्याला मागची एक सल होती. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली तेव्हापासून २०१४ पर्यंत प्रत्येक वेळी पुरुषांचं सुवर्ण भारताचं. २०१८ ला जकार्तात इराणने उपांत्य सामन्यातच आपल्याला हरवलं. महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७-२४ असा जिंकला, आणि त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. खेळ आपण दिला, शिकवणारेही आपण दिले. तेव्हा २०२३ चा सामना नुसता सामना नव्हता.

२८-२८ अशी बरोबरी. दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ उरलेला. पवन सेहरावतची 'करो या मरो' चढाई. तो कोणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला. आणि त्याला घालवण्याच्या नादात इराणचे बचावपटूही त्याच्या पाठोपाठ लॉबीत उतरले.

स्पर्श नाही, म्हणजे झटापट नाही. झटापट नाही, म्हणजे लॉबी बाहेर. मग बाहेर गेले कोण? जुना नियम सांगतो, जे जे गेले ते सगळे बाद. पवनही बाद आणि मागे आलेले इराणीही बाद. नवा नियम, जो आपल्याच प्रो कबड्डी लीगमध्ये वापरला गेला, तो सांगतो की चढाई करणारा स्पर्शाविना लॉबीत गेला त्या क्षणी चढाई संपली. तो एकटा बाद, मागून कोण कुठे गेलं ते मोजायचं नाही.

भारत जुन्या नियमावर अडून बसला, इराण नव्यावर. निर्णय एकदा इकडे फिरला, एकदा तिकडे. खेळाडू मॅटवरच बसून राहिले. जवळपास तासभर सामना थांबला. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने लागला आणि आपण ३३-२९ जिंकलो.

त्या दिवशी माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी फटाके वाजवले. आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या तासाभरात मला तेच १९२३ चं वाक्य ऐकू येत होतं: 'आमच्याकडे असं नाही.' ज्या वाक्याला उत्तर म्हणून नियमांचं पुस्तक छापलं गेलं, ते वाक्य शंभर वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. आणि नियमाचे दोन्ही अवतार भारतातलेच. इराणचे कितीतरी खेळाडू आपल्या लीगमध्ये खेळून मोठे झाले. फजल अत्राचली तर मुंबईच्या संघाचा कर्णधार होता. त्यांना नवा नियम आपणच शिकवला आणि ऐन वेळी जुना दाखवला, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांना दोष कसा देणार? दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. लीग म्हणजे आंतरराष्ट्रीय पुस्तक नव्हे, आणि सामना ज्या पुस्तकावर चाललाय त्याप्रमाणेच निकाल लागायला हवा. माझं म्हणणं निकालाबद्दल नाहीच. निकाल कोणताही लागला असता तरी तो तास लाजिरवाणाच होता. नाणेफेकीच्या आधी जे एका वाक्यात सांगायचं, ते सुवर्णपदक पणाला लागल्यावर तासभर शोधावं लागलं.

आमच्याकडच्या गावसामन्यांत एक जुनी पद्धत आहे. सामना सुरू होण्याआधी सरपंच दोन्ही कर्णधारांना मध्यरेषेवर बोलावतो आणि मोठ्या आवाजात, म्हणजे भोवतीच्या लोकांनाही ऐकू जाईल असं, त्या मैदानाचे नियम सांगतो. लॉबीचा नियम त्यात पहिला. 'हात लागल्याशिवाय लॉबीत गेला तर गेला, मागून जो जाईल तोही गेला. मंजूर?' दोघांनी 'मंजूर' म्हटलं की मगच नाणं उडतं. शहरातून आलेल्या एका तरुण पंचाने एकदा मला विचारलं, "काका, नियम तर पुस्तकात आहेतच, हे ओरडून सांगायचं नाटक कशाला?" मी म्हटलं, "बाबू, पुस्तक तुझ्याजवळ आहे. हरणाऱ्याजवळ फक्त त्याचं 'मंजूर' असते."

पंचाकडे दंडुका नसतो. त्याचा निर्णय चालतो तो लोकांनी आधीच मान्य केलेलं असतं म्हणून. ते आधीचं मान्य करणं गेलं, की शिट्टी नुसती फुंकणी उरते.

आणि हे सगळं मी एवढं ताणून का सांगतोय, तर शाळेतल्या पोरांसाठी. शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्याला जातात, जिल्ह्यावरून विभागाला, मग राज्याला. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट. त्या शिडीवर किती पायऱ्या चढलात त्यावर दहावी-बारावीचे वाढीव गुण ठरतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत २००५ सालापासून खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत, त्यांनाही वरच्या पायरीचं प्रमाणपत्र लागतं. धानाच्या दोन बांध्या असलेल्या घरातल्या पोरीसाठी तालुक्याच्या उपांत्य सामन्यातला एक लॉबीचा निर्णय म्हणजे काय असतो, याचा हिशोब करून बघा. तिथे कॅमेरा नाही, तासभर थांबून पुस्तक उघडायला कोणी तयार नाही. आहे तो एक पंच, बहुतेक वेळा दुसऱ्या शाळेतला शारीरिक शिक्षणाचा मास्तर, सकाळपासून सातवा सामना घेणारा, डोक्यावर ऊन.

एका शालेय सामन्यात असंच झालं होतं. (गाव आणि शाळा सांगत नाही, त्याने काही साधणार नाही.) मुलगी चढाईला गेली, कोपऱ्यातल्या मुलीला हात लावून लॉबीतून परत आली. पंचाने पाय पाहिला, हात पाहिला नाही. बाद दिलं. सामना एका गुणाने गेला. ती काही बोलली नाही, नमस्कार करून मैदानाबाहेर गेली. जिच्यावर हात लागला होता ती समोरच्या संघातली मुलगी मात्र पंचाकडे गेली आणि म्हणाली, "सर, मला लागला होता तिचा हात." तोवर तक्त्यावर सही झाली होती. निकाल बदलला नाही.

ती दुसरी मुलगी माझ्या लक्षात राहिली आहे. नियमांच्या कुठल्याही पुस्तकात तिच्यासाठी कलम नाही. बाद झालेल्या गड्याने आपण होऊन हात वर करून बाहेर जावं, ही हुतूतूच्या काळातली रीत होती, छापील नियम येण्याच्याही आधीची. पंच नव्हता तेव्हा खेळ त्याच रीतीवर चालत होता. मग आपण पंच आणला, पुस्तक आणलं, लॉबी आणली, मॅट आणली, कॅमेरा आणला, आणि प्रत्येक वेळी थोडी थोडी करून ती रीत पंचाच्या खांद्यावर टाकून मोकळे झालो.

पुस्तक हवंच. एकच हवं आणि सगळ्यांचं तेच हवं, हे हांगझोऊने शिकवलं. पण पुस्तकाला फार तर रेषा कुठे आहे ते सांगता येतं. आपला पाय बाहेर पडला होता की नाही, हे पंचाच्या आधी ज्याचं त्याला कळलेलं असतं. आणि धुऱ्याचंही तसंच असतं, नाही का?

असो. या हंगामात तुमच्या गावी सामने असतील तर एक करा. सरपंचाला नाणेफेकीच्या आधी लॉबीचा नियम मोठ्याने सांगायला लावा. दोन मिनिटं जातील, पण हरणारा घरी जाताना पुटपुटत जाणार नाही.